दोन्ही कान दिसले पाहिजेत

माझ्या हातचा एकही फोटो आजवर कुठल्याही कचेरीतून परत आलेला नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. पुढची हकिगत वाचून माझ्याबद्दल तुमचं मत काय व्हायचं ते होवो, पण एकतीस वर्षांत एकही नाही. ओळखपत्र, परवाना, परीक्षेचं प्रवेशपत्र, पासपोर्ट, कशासाठीही असो, माझ्या स्टुडिओतून गेलेला चेहरा बघितला की खिडकीपलीकडचा माणूस मुकाट्याने शिक्का मारतो. चेहरा ज्याचा असतो तो मात्र बाहेर फुटपाथवर उभा राहून आधी फोटोकडे बघतो, मग माझ्या पाटीकडे बघतो आणि काहीतरी पुटपुटत निघून जातो. ते पुटपुटणं मी कधी मनावर घेतलं नाही. फोटो त्याला आवडावा म्हणून मी काढतच नाही. साहेबाला पटावा म्हणून काढतो.

यामागे शास्त्र आहे. मागे पांढरी चादर, समोर स्टूल आणि स्टुलापासून बरोबर सहा फुटांवर कॅमेरा. त्यासाठी सहा फुटांची एक सुतळी मी स्टुलाच्या पायालाच बांधून ठेवलेली आहे. हनुवटी सरळ, तोंड बंद, हसायचं नाही आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. या कानांवरून मी आयुष्यात जेवढे वाद घातले तेवढे वकिलानेही घातले नसतील. केस जरा कानामागे घ्या म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटतं, हा माणूस आपल्या रूपावर उठलाय. चेहऱ्याभोवती भरपूर जागा सोडून फोटो काढायचा, छापायचा आणि मग कात्रीने मापात कापायचा. कडेचं सगळं टोपलीत. हल्ली हे मशीनवर होतं म्हणे. होऊ दे, माझा हात कात्रीवर बसलाय.

तर अशा माणसाला त्याची एकुलती एक लेक, लग्नाला बारा दिवस उरले असताना, जेवता जेवता म्हणाली, “बाबा, माझे नवरीचे फोटो तुम्हीच काढायचे. बाहेर, मोकळ्यावर.”

लेक सव्वीस वर्षांची आहे, बँकेत अधिकारी आहे, तिच्या सहीशिवाय तिथे कर्ज मंजूर होत नाही. घरात मात्र ती अजून ढब्बूच आहे. तान्ही असताना गुटगुटीत होती, तेव्हा पडलेलं नाव आणि ते पुढे हलायला तयार नाही. लग्नानंतर ती नवऱ्याच्या गावी जाणार, म्हणजे इथून रात्रभराचा प्रवास.

“बाहेर म्हणजे कुठे?” मी विचारलं.

“वाचनालयाच्या पायऱ्यांवर. बसथांब्यावर. बागेत, पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर. जिथे मी एवढी वर्षं खरंच होते, तिथे. लग्नाचा पोशाख घालून, पण नेहमीसारखी.”

“पण विहीणबाईंनी त्यांचा फोटोवाला ठरवलाय ना?” बायको म्हणाली. “त्याच्याकडे उडता कॅमेरा आहे.”

“तो प्रत्येक नवरीला तळ्यात उभं करतो, आई. गुडघाभर पाण्यात. मी त्यांना सांगितलंय, हॉलच्या दारात जो मोठा फोटो लावायचा तो माझे बाबा काढतील.” मग माझ्याकडे वळून तिने आवाज जरा खाली आणला. “बाबा, तुम्ही माझे इतके फोटो काढलेत, पण फॉर्मवर चिकटवायला नसलेला असा एकही नाही. एकदा तरी काढा ना.”

मी म्हणणार होतो की विचार करून सांगतो. तेवढ्यात बायको म्हणाली, “अहो, पण तुम्हाला जमेल का?” ज्या नवऱ्याला बायकोने हा प्रश्न विचारला, त्याच्याकडे उत्तर एकच उरतं.

नमुना म्हणून ढब्बूने मला फोनवर चार-पाच फोटो दाखवले. एका नवरीने चपला हातात घेतल्या होत्या आणि ती रस्त्याने चालली होती. दुसरी दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होती. तिसरी खिडकीतून बाहेर बघत होती.

“ही बघतेय कुठे?” मी म्हणालो. “कॅमेरा तर इकडे आहे.”

“तेच तर, बाबा. तिला माहीतच नाही असं वाटतं.”

“आणि हिचा दुसरा कान कुठाय?”

ढब्बूने फोन बंद केला.

बातमी जिन्यावरून वरच्या मजल्यावर गेली आणि तिथून मोजणीकाका खाली आले. हे निवृत्त भूमापक. जमीन मोजायचं काम सुटलं, पण मोजायची सवय सुटली नाही. त्यांनी टेबलावर कागद पसरून सूर्याचा नकाशाच काढला. “शनिवारी पाच वाजून दहा मिनिटांपासून पाच पंचावन्नपर्यंत उजेड सोन्यासारखा,” ते म्हणाले. “त्यानंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. मी असतो तर वाचनालय पाच दहाला, थांबा सव्वापाचला आणि बाग साडेपाचला उरकली असती.” मोजणीकाकांनी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही, पण म्हणून सल्ला द्यायचा नाही असा काही नियम नाही. शेजारच्या नर्सबाईंनी बजावलं, “नवऱ्या उपाशी राहतात आणि उन्हात चक्कर येऊन पडतात, बरोबर साखरपाणी ठेवा.” त्यांचे यजमान म्हणाले, “फोटो कसलाही काढा, पण परवानगी घेऊन काढा.” हा एकच सल्ला कामाचा होता आणि तोच मी कानाआड केला.

शनिवारी आमची मिरवणूक निघाली. पुढे ढब्बू, जमिनीवर लोळणारा लाल-सोनेरी घेर दोन्ही हातांनी उचलून, दातांत फुलांचा गुच्छ धरून, कारण हात रिकामा नव्हता. तिच्या मागे साखरपाण्याची बाटली घेतलेली तिची आई. सगळ्यात शेवटी मी. गळ्यात कॅमेरा, एका हातात स्टूल आणि काखेत पांढरी चादर.

“चादर कशाला?” ढब्बूने दातांतून विचारलं.

“उजेड परतवायला,” मी म्हणालो. ही थाप होती. खरं सांगायचं तर घरातून निघताना माझ्या हाताने ती आपोआप उचलली. एकतीस वर्षांत चादरीशिवाय मी माणसाचा फोटो काढलेला नाही. तसंच जायचं म्हटल्यावर मला अंगात शर्ट नसल्यासारखं वाटायला लागलं होतं.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर ढब्बू बसली. छान बसली होती, एक पाय लांब करून, कोपर गुडघ्यावर टेकवून. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हनुवटी सरळ.” तिने सरळ केली. “केस कानामागे.” तिने घेतले. आता ती पायऱ्यांवर बसून नोकरीची मुलाखत देत असल्यासारखी दिसायला लागली. तेवढ्यात दार उघडून ग्रंथपालबाई बाहेर आल्या.

“परवानगी?” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, पाच मिनिटांचं काम आहे. त्या म्हणाल्या, इथे पाच मिनिटांसाठी पुस्तक उघडायलासुद्धा कार्ड लागतं. मग त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, गळ्यातलं ओळखपत्र उलटं होतं ते हळूच सुलटं केलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

“ओळखता का हिला?”

फोटो माझाच होता. हनुवटी, कान, पार्श्वभूमी, सगळं शंभर टक्के. “उत्तम आहे,” मी म्हणालो.

“नऊ वर्षं हे गळ्यात घालून फिरतेय मी. माझ्या नातवाने विचारलं, आजी, तू कुणाला मारलंस? उलटं घालते मी हे, उलटं!” त्यांचा आवाज इतका चढला की आतला एक वाचक ‘शू:’ म्हणाला. ग्रंथपालबाईंना ‘शू:’ ऐकायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली असावी. त्या खाली बसल्या, माझ्याच स्टुलावर. “आधी माझा एक बरा फोटो काढा. हसरा. मग तुमची नवरी हवी तेवढा वेळ बसू दे.”

काय करणार, अडला हरी. वारा सुटला होता, म्हणून चादरीचं एक टोक बायकोने धरलं आणि दुसरं ढब्बूने. मी सुतळी ताणली. बाई हसत होत्या, पण ते हसू दातदुखीचं वाटत होतं. मग चादरीमागून ढब्बू काहीतरी बोलली आणि बाई खरोखरच हसल्या. मी बटण दाबलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यांचे डोळे मोठे करून बघितले, उघडे होते. काम झालं. फोटो सोमवारी मिळेल असं कबूल केलं. त्यानंतर मी पायऱ्यांवर ढब्बूचे चौदा फोटो काढले. प्रत्येक वेळी स्वतःला बजावत होतो की बोलायचं नाही, आणि प्रत्येक वेळी बोलत होतो. पाच दहा ते पाच अठ्ठावीस एवढा सोन्यासारखा उजेड तिथेच खर्ची पडला.

बसथांब्यावर मी शहाणपणा करून स्टूल बाजूला ठेवलं आणि चादर कठड्यावर वाळत टाकल्यासारखी टाकली. शहाणपणा इथेच नडला. ढब्बू थांब्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मी कॅमेरा नीट करून मागे वळून बघतो, तर स्टुलामागे सात माणसं रांगेत उभी.

“कुठलं कार्ड आहे?” एक बाई पुढच्याला विचारत होत्या.

“कुठलं का असेना, काढून ठेवा. नंतर धावाधाव होते.”

“जुनं रद्द होणार म्हणे.”

“म्हणे काय, झालंसुद्धा!” असं म्हणत आठवा आला.

दोष त्यांचा नव्हता. पांढरी चादर, स्टूल आणि कॅमेरा गळ्यात घातलेला रडवा माणूस एकत्र दिसल्यावर कोणताही सुजाण नागरिक रांगच लावणार. मी ओरडून सांगितलं की हे शिबीर नाही, खाजगी काम आहे. त्यावर रांगेतल्या एकाने दुसऱ्याला सांगितलं, “बघा, ओळखीच्यांना आधी घेतात.” ढब्बू समजावायला गेली तर पहिल्या नंबरवरचे एक आजोबा तिच्यावरच खेकसले, “नवरी असाल तुमच्या घरी. इथे रांग आहे.”

त्या गर्दीने बस अडली, बसमुळे रस्ता अडला आणि शिट्टी वाजवत वाहतूक हवालदार आला. मला जरा हायसं वाटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाटी नसतानाही मला ओळखलं आणि न बोलता वरच्या खिशातून ओळखपत्र काढलं. मीही न बोलता ते घेतलं. कान दोन्ही होते.

“साहेब,” तो म्हणाला, “मी नाक्यावर हे दाखवलं की लोक कार्ड बघतात, मग मला बघतात, आणि म्हणतात, याला पकडलंत का? लग्न जमेना माझं तीन वर्षं. मुलीकडच्यांनी हाच फोटो मागवला होता.”

तो स्टुलावर बसला. त्याला बसलेलं बघून रांगेची खात्रीच पटली. पुन्हा एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला ढब्बू. घेर सांभाळायचा म्हणून तिने चपला काढून ठेवल्या आणि गुच्छ पुन्हा दातांत धरला. मी सुतळी ताणली, मिशी सरळ करा म्हणालो आणि बटण दाबलं. मग हवालदार उठला आणि रांगेला म्हणाला, “चला, शिबीर नाही हे, पांगा.” तर आजोबा जागचे हलेनात. “शिबीर नाही तर नाही. पण वीस मिनिटं उभा राहिलो ते काय उगाच?”

मी अकराजणांचे फोटो काढले. आजोबांचा पहिला. मोजणीकाकांच्या नकाशाप्रमाणे तेव्हा आम्ही बागेत असायला हवं होतं. खुद्द मोजणीकाका समोरच्या फुटपाथवर उभे राहून मला मनगटावरचं घड्याळ दाखवत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. सगळं आटोपल्यावर खांबाला टेकलेल्या ढब्बूचे घाईघाईने सतरा फोटो काढले. त्यात ती परवान्यासाठी आलेली, आणि परवाना नाकारला गेलेली, अशी दिसत होती.

बागेच्या दारात कारकुनाची खिडकी आहे, याआधी तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. आतला कारकून म्हणाला, साधे फिरणारे फुकट, पण नवरी असेल तर अर्ज. तीन प्रती. मी तीन प्रती भरल्या. ‘प्रयोजन’ या रकान्यात काय लिहावं हे सुचेना, म्हणून ‘मोकळेपणा’ असं लिहिलं. कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि बोट खालच्या चौकोनावर ठेवलं. “इथे पासपोर्ट फोटो चिकटवा. अर्जदाराचा.”

ज्या माणसाने या गावाचे लाखभर पासपोर्ट फोटो काढले असतील, त्याच्याकडे स्वतःचा एकही नव्हता. सुतळीच्या पलीकडच्या टोकाला मी कधी बसलोच नाही. तरी एखादा असेल म्हणून पाकीट उघडलं आणि आतला कप्पा खिडकीच्या कट्ट्यावर रिकामा केला. सात फोटो पडले. सातही ढब्बूचे. प्रत्येक वेळी आठ प्रती काढायच्या, फॉर्मला लागतील तेवढ्या द्यायच्या आणि उरलेली एक पाकिटात ठेवायची, हे किती वर्षं चाललंय ते मलाही आठवत नाही. पहिलीचं ओळखपत्र, ज्यात पुढचा दात पडलेला होता पण तोंड बंद असल्याने दिसत नाही. दहावीचं प्रवेशपत्र. बसचा पास, कॉलेज, परवाना, पासपोर्ट आणि बँकेत लागली तेव्हाचा.

ढब्बू कट्ट्यावर वाकून ते बघत राहिली. “हे तुमच्याकडे होते?” ती म्हणाली.

“उरलेले आहेत,” मी म्हणालो. “टाकून कशाला द्यायचे?”

तिने पहिलीतला फोटो उचलला, बघितला आणि पुन्हा जागेवर ठेवला. बायकोने नाक पुसलं. कारकून मात्र सरकारी होता. “नवरी अर्जदार दाखवू,” तो म्हणाला, “बँकेचा चालेल, नवा आहे.” त्याने तो उचलला, डिंक लावला आणि अर्जावर दाबून बसवला. फॉर्मवर चिकटवायला नसलेला फोटो काढण्यासाठी फॉर्मवर फोटो चिकटला होता. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

शिक्का मारायच्या आधी कारकुनाचा हात थांबला. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून स्टूल बघितलं, चादर बघितली, मला बघितलं.

“तुम्ही ते चौकातले फोटोवाले का हो?”

मी स्टूल मांडलं. हवालदारापेक्षा वेगळी तक्रार असेल अशी अपेक्षा नव्हती, आणि नव्हतीच. त्याच्या कॉलरची एक बाजू आत होती ती ढब्बूने पुढे होऊन बाहेर काढली आणि ती पळत चादरीच्या टोकाशी गेली. मी बटण दाबलं. मग शिक्का उमटला. पण बाकापर्यंत पोचेतो सूर्य टाकीमागे गेला होता. निळसर अंधारात मी दहा फोटो काढले आणि साडेसहा वाजता त्याच कारकुनाने घंटा वाजवून आम्हाला बाहेर काढलं. नियम म्हणजे नियम, तो म्हणाला, पण चेहऱ्यावर खेद होता.

घरी आल्यावर तिघांनी मिळून एकेचाळीस फोटो बघितले. एकेचाळीस वेळा ढब्बू सरळ आमच्याकडे बघत होती. मागे कधी पायऱ्या, कधी खांब, कधी अंधार.

“छान आहेत,” ती म्हणाली. तिचं ‘छान’ मला ठाऊक आहे. आईने मीठ विसरून केलेल्या भाजीलाही ती असंच छान म्हणते.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा फोटोवाला रविवारी सकाळी मोकळा होता. तळंही मोकळं होतं. “मोठा फोटो सोमवारी सकाळी चौकटवाल्याकडे द्यायचाय,” त्या म्हणाल्या, “तुमचं झालं असेल तर प्रश्नच नाही.” मी ढब्बूकडे बघितलं. ती हळूच म्हणाली, “हो म्हणून सांगा, बाबा. पाणी काही फार खोल नसतं.” आणि माझी समजूत काढायला वर हसली.

मला फार वाईट वाटलं. अपमान झाला म्हणून नाही, अपमान मी दिवसभरात पोटभर गिळला होता. सगळ्या गावाचे चेहरे काढले आणि आपल्या लेकीचा एक साधा फोटो काढता येत नाही, आणि वर तीच आपल्याला धीर देतेय, याचं वाईट वाटलं. “तासाभरात कळवतो,” असं विहीणबाईंना सांगून मी खाली दुकानात आलो.

कबूल केलेली कामं तरी उरकावीत म्हणून ग्रंथपालबाईंचा फोटो छापला, चांगला मोठा, म्हणजे कापायला बरा. कागद बाहेर आला. मी कात्री घेतली, पट्टी लावली आणि सवयीप्रमाणे डाव्या कडेपासून सुरुवात केली. पातं कागदात शिरलं आणि मला तिथे एक कोपर दिसलं.

कोपर ढब्बूचं होतं. चादरीचं टोक एका हातात उंच धरून, दुसऱ्या हाताने तोंडावर आलेले केस बाजूला सारत, ती ग्रंथपालबाईंना काहीतरी सांगत होती. काय ते मला माहीत नाही, पण सांगताना तिचं तिलाच हसू आवरत नव्हतं. मी कात्री खाली ठेवली आणि कारकुनाचा फोटो छापला. तिथे ती चादरीशी पोचायच्या आतच बटण दाबलं गेलं होतं. घेर एका मुठीत, एक पाय हवेत. आजोबांच्या फोटोत ती त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होती. एका फोटोत ती आईला जांभई देऊन दाखवत होती. तेराही... नाही, अकरा आणि तीन, चौदाही फोटोंत मधोमध कुणीतरी हनुवटी सरळ करून बसलं होतं आणि कडेला, जो भाग मी एकतीस वर्षं टोपलीत टाकत आलोय तिथे, माझी मुलगी होती.

सगळ्यात शेवटी हवालदाराचा. मधे तो, मिशी सरळ करून, आयुष्यात पहिल्यांदा बरा दिसत होता. उजवीकडे चादरीमागून बायकोची नुसती चार बोटं. डावीकडे ढब्बू अनवाणी, दातांत फुलं, चादर वाऱ्याने तिच्या खांद्यावर आलेली, आणि ती रांगेकडे मान वळवून इतकी हसत होती की फुलं दातांत कशी राहिली कोण जाणे. मागे अडलेली बस आणि बसच्या खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी. तिचा तो रोजचा थांबा.

मी जिन्यातूनच हाक मारली. ती धावत खाली आली. बराच वेळ तिने फोटो हातात धरला.

“बाबा,” ती म्हणाली, “यात माझा एकच कान दिसतोय.”

“राहू दे,” मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि माझा शर्ट ओला केला. मीही रडलो, सांगायला लाज कसली. मग वर जाऊन तिनेच विहीणबाईंना फोन केला की तळं नको.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या दारात तो फोटो होता, माणसाच्या उंचीचा. विहीणबाईंनी तो लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि फार जपून विचारलं, “हे मधले गृहस्थ तुमच्याकडचे का?” उत्तर द्यायला गृहस्थ हजरच होते. आमंत्रण दिलं होतं म्हणून हवालदार गणवेशात आला होता आणि फोटोशेजारी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, “मधला मी. नवरी बाजूला आहे.” ग्रंथपालबाई आल्या, ओळखपत्र सुलटं घालून. कारकूनही आला. आजोबा तर आमंत्रण नसताना आले आणि जेवणाच्या रांगेत पहिले उभे राहिले.

ढब्बू गेली. घर शांत झालं, पहिले काही दिवस तर फारच. त्या फोटोची एक लहान प्रत मी पाकिटात ठेवायला गेलो, पण ती काही त्या कप्प्यात मावेना. कापली तर मावेल, कात्री हाताशीच असते. पण यातलं काय कापायचं ते ठरेना. शेवटी ती स्टुडिओत स्टुलासमोर भिंतीवर लावली. गिऱ्हाईक बसलं की त्याची नजर नेमकी तिच्यावर जाते, चेहरा आपोआप सैल पडतो, आणि मग तो विचारतोच, “अहो, या बाईंचा तर एकच कान दिसतोय. असा चालतो?”

“तिला चालतो,” मी सांगतो. “तुम्ही केस मागे घ्या.”